थोरा ब्यार्नसनच्या एकोणीस फेऱ्या

कॅनडाच्या पश्चिमेकडच्या हाल्सन गावच्या पोस्टात थोरा ब्यार्नसन सव्वीस वर्षं खिडकीमागे बसली. माझं औषधांचं दुकान समोरच, त्यामुळे ती लोकांशी कशी वागते ते मी रोज बघायचो. तुसडी नव्हती, पण समोरच्याला बरं वाटावं म्हणून एक शब्द जास्तीचा काढायची नाही. एकदा ड्वेन स्टब्स नावाचा शेतकरी तिला आपल्या मुलाचं कौतुक सांगत होता. शनिवारच्या सामन्यात मुलानं चार गोल मारले होते. थोरानं तिकिटं मोजून त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "हात चांगले आहेत पोराचे. मान वळत नाही."

ड्वेन त्यानंतर वर्षभर पोस्टाच्या कामाला वीस मैलांवरच्या गावी जायचा. पुढच्या वर्षी पोरगा हॉकी सोडून ट्रॅक्टरच्या दुकानात लागला, तेव्हा ड्वेन मुकाट्यानं परत आमच्या पोस्टात यायला लागला.

मान वळण्याचं तिचं शास्त्र साधं होतं. पक, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतली रबरी चकती, पायाशी आल्यावर सगळेच शहाणे होतात, ती म्हणायची. येण्याआधी जो खांद्यावरून मागे बघून घेतो, त्याला पुढचं आधीच कळलेलं असतं. बाकी सगळं शिकवता येतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचा नवरा एनार आमच्या रिंकची, म्हणजे बर्फाच्या मैदानाची, देखभाल करायचा. सहासष्ट साली सुगीच्या दिवसांत, शेतात उभा असतानाच त्याचं हृदय बंद पडलं. त्या हिवाळ्यापासून रिंकच्या किल्ल्या थोराकडे आल्या आणि गोल लिहायच्या टेबलावर तीच बसायला लागली. बर्फापासून हातभर अंतरावर बसून तिनं किती हजार पोरांच्या माना बघितल्या असतील, देव जाणे.

एकाहत्तरच्या जानेवारीत हिमवादळामुळे रस्ता बंद झाला आणि वॉली मॅकफेल नावाचा गृहस्थ आमच्या गावात दोन दिवस अडकला. हॅमिल्टनच्या व्यावसायिक क्लबचा हा पश्चिमेकडचा स्काऊट, म्हणजे गावोगाव फिरून होतकरू पोरं हेरणारा माणूस. करायला काहीच नव्हतं म्हणून रिंकवर येऊन बसला आणि सर्वांत जास्त गोल मारणाऱ्या मुलाचं नाव वहीत लिहायला लागला. थोरा मान वर न करता म्हणाली, "चुकीचा पोरगा लिहिताय. सात नंबर बघा."

वॉली हसला. पण दोन वर्षांनी सात नंबर दुसऱ्या एका क्लबातून खेळायला लागला, तेव्हा वॉलीनं हॅमिल्टनहून थोराला कोऱ्या अहवालांचा गठ्ठा पाठवला. पेट्रोलचा खर्च आणि वर थोडंसं मानधन. अहवालावर तिनं सही करायची "टी. ब्यार्नसन". हॅमिल्टनच्या कचेरीत कित्येक वर्षं सगळ्यांची समजूत होती की हा कुणी म्हातारा आइसलँडी शेतकरी असावा. वॉलीनं ती दूर केली नाही, आणि थोरालाही त्याची गरज वाटली नाही. "त्यांना पोरांची नावं हवीत," ती मला म्हणाली, "माझं कशाला?"

ऐंशी सालच्या हिवाळ्यात तिला कर्टिस हुझुलाक दिसला. आमच्यापासून नव्वद मैलांवरच्या एका छोट्या शहराच्या ज्युनिअर संघात तो चौथ्या, म्हणजे सर्वांत शेवटच्या फळीत खेळायचा. बुटका, खांदे उतरलेले, आणि वाकून स्केटिंग करायचा, जणू जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधतोय. त्याचा प्रशिक्षक त्याला एका सामन्यात पाच-सहा मिनिटांवर बर्फावर सोडत नसे. थोरा पहिल्यांदा गेली होती ती दुसऱ्याच मुलासाठी. परत आली, ती दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन खोकल्याच्या गोळ्या घेता घेता म्हणाली, "एक पोरगा बघितला. त्याची मान घुबडासारखी फिरते."

त्यानंतर ती जातच राहिली. मंगळवारी, शुक्रवारी, कधी रविवारी दुपारी. बाहेर उणे चाळीस असताना तिची जुनी प्लायमाउथ सकाळपासून तारेनं विजेला जोडून ठेवलेली असायची, इंजिन गोठू नये म्हणून. मी तिच्याबरोबर तीनदा गेलो. एका खेपेला वाटेत हीटर बंद पडला आणि आम्ही दोघं घोंगड्या गुंडाळून, आतून काच खरवडत नव्वद मैल आलो. मी म्हटलं, थोरा, सहा मिनिटांसाठी एवढा उपद्व्याप? ती म्हणाली, "सहा मिनिटांत दहा वेळा चुकायची संधी असते. हा एकदाही चुकला नाही. मला तो चुकलेला बघायचाय. चुकल्यावर काय करतो ते बघितल्याशिवाय मी नाव पुढे देणार नाही."

सतराव्या खेपेला तो चुकला. त्याच्या हातून पक सुटला, समोरच्यानं गोल मारला आणि प्रशिक्षकानं सगळ्यांसमोर त्याला झापलं. पुढच्याच मिनिटाला पोरगा बर्फावर उतरला आणि नेमका तोच, तसाच अवघड पास पुन्हा दिला. या वेळी बरोबर पोचला. थोरा आणखी दोनदा जाऊन आली आणि मग अहवाल लिहायला बसली.

दर जूनमध्ये सगळे व्यावसायिक क्लब एका सभागृहात जमतात आणि अठरा वर्षांची पोरं आळीपाळीनं निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक क्लबाला एक निवड. मात्र ती निवड कुणी वापरलीच पाहिजे असं नाही; एखाद्या तयार खेळाडूच्या बदल्यात ती दुसऱ्या क्लबाला देऊनही टाकता येते. थोरानं लिहिलं की हुझुलाकला चौथ्या फेरीत घ्या. पण पाचवीपर्यंत थांबलात तरी चालेल, कारण त्याला बघायला माझ्याशिवाय कुणी येत नाही. हे शेवटचं वाक्य तिनं लिहायला नको होतं. तसं ती नंतर स्वतःच म्हणायची.

हॅमिल्टनचा व्यवस्थापक लायल प्रेस्टन थांबला. एक्याऐंशीच्या जूनमध्ये, मॉन्ट्रियलच्या सभागृहात ड्राफ्टच्या दिवशी सकाळी त्यानं आपली पाचव्या फेरीतली निवड मिलवॉकीच्या क्लबाला देऊन टाकली. बदल्यात घेतला फर्नांड बुशार नावाचा चौतीस वर्षांचा बचावपटू. संघाला अनुभवी माणूस हवा होता, आणि हुझुलाक काय, सहाव्या फेरीत घेऊ; त्याला कोण विचारतंय, असा हिशेब होता.

पाचव्या फेरीत ती दिलेली निवड आली, आणि मिलवॉकीनं त्याच जागेवर नाव पुकारलं: कर्टिस हुझुलाक.

थोराला ते वॉलीच्या फोनवरून कळलं. ती दुपारी दुकानात आली आणि औषध लिहून घ्यायच्या काउंटरवर कोपर टेकून उभी राहिली. तिनं मला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "निदान कुणीतरी घेतला. घरी बसला नाही." मग थोड्या वेळानं, "चौथी लिहून थांबायला हवं होतं मी."

दोन दिवसांनी प्रेस्टननं पोस्टात फोन केला. खिडकीसमोर चार माणसं होती, मीही त्यांत होतो. प्रेस्टनला तोवर कळलं होतं की टी. ब्यार्नसन ही बाई आहे, आणि त्याचा सूर त्या माहितीनं आणखीच चढलेला असावा. त्याचं म्हणणं एवढंच की मिलवॉकीकडे या पोराचा कागदाचा कपटासुद्धा नव्हता, मग नाव कुठून आलं? तुम्ही फोडलंत. थोरानं सगळं ऐकून घेतलं.

"मिस्टर प्रेस्टन," ती म्हणाली, "माझा अहवाल तुमच्या फायलीत तीन महिने पडून आहे. मी नाव सांगितलं ते एकाच माणसाला, ते तुम्ही. मी सांगितल्यावर तुम्ही ती निवड विकलीत. आता माझ्यासमोर चार माणसं तिकिटांसाठी उभी आहेत." आणि तिनं फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात वॉली स्वतः येऊन पत्र देऊन गेला. क्लबाला तुमच्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही. वॉली बिचारा तिच्या नजरेला नजर देत नव्हता. तिनं त्याला कॉफी पाजली आणि घरचे पिरोही, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, बांधून दिले.

हॅमिल्टननं काढून टाकणं तिनं पचवलं. गावाला तिच्या बाजूनं बोलायला वेळ लागला, ते मात्र तिला लागलं असावं. कॅफेत ड्वेन स्टब्स मोठ्यानं विचारायचा, "काय थोरा, मिलवॉकीनं नवी गाडी दिली म्हणे? कुठे लपवलीस?" ती म्हणायची, "तुझ्या गोठ्यात. तिथं कुणी बघायला येत नाही, वास येतो." लोक हसायचे, पण संशय गेला नव्हता. छोट्या गावात माणूस चोर ठरला नाही तरी चोरीची गोष्ट सगळ्यांना आवडते.

खरं काय झालं ते ऑगस्टमध्ये कळलं. मिलवॉकीचा स्काऊट अर्ल सेगुइन तिच्या घरी आला. उंच, पोक आलेला, कायम पेपरमिंट चघळणारा. आठ वर्षं तो आणि थोरा त्याच थंडगार रिंकवर, एकमेकांपासून दहा बाकं सोडून बसत आले होते. हवामानापलीकडे बोलणं नाही. मी त्या दिवशी तिच्याकडे कुंपण रंगवायला मदत करत होतो, म्हणून सगळं कानांनी ऐकलं.

अर्लनं सांगितलं की पाचव्या फेरीत त्यांच्या मनातला पोरगा आधीच गेला होता. टेबलावर गोंधळ, हातात पाच मिनिटं. तेव्हा त्यानं हुझुलाकचं नाव टाकलं. त्यानं पोराला एकदाही नीट बघितलं नव्हतं.

"मग?" थोरा म्हणाली.

"तुझी गाडी बघितली होती," अर्ल म्हणाला. "मी त्या रस्त्यानं पुढच्या गावी जायचो. दर खेपेला तुझी प्लायमाउथ त्या रिंकबाहेर उभी. तिथल्या दारावरच्या माणसाला विचारलं, ही बाई किती वेळा आली? तो म्हणाला एकोणीस, आणि दर वेळी त्या हुझुलाककडेच बघत असते. मी टेबलावर एवढंच सांगितलं की थोरा ब्यार्नसन फुकट नव्वद मैल जात नाही. एकोणीस वेळा तर नाहीच."

थोरा ब्रश हातात धरून उभीच राहिली. मग हसली. बऱ्याच दिवसांनी मी तिला मनापासून हसताना बघितलं. "म्हणजे माझ्या प्लायमाउथनं फोडलं," ती म्हणाली.

अर्ल तिला नोकरी द्यायला आला होता. नीट पगार, मिलवॉकीचा शिक्का. तिनं नाही म्हटलं. आज मी तुमच्याकडे आले तर प्रेस्टन म्हणाला ते खरं ठरेल, हे तिचं कारण. अर्ल म्हणाला, मग मी उद्याच जाहीर सांगतो कसं झालं ते.

"सांग ना," ती म्हणाली. "पण मग तुझ्या मालकांना कळेल की तू पोराला न बघता निवडलंस. तुझ्या निवृत्तीला किती वर्षं राहिलीत?"

"तीन."

"मग तीन वर्षांनी सांग. मला घाई नाही. तो पोरगा चांगला निघणार आहे, अर्ल. तो निघाला की लोक आपणहून विचारतील, याला कुणी शोधला. तेव्हा सांग."

मला त्या वेळी ती वेडी वाटली. स्वतःवरचा डाग पुसायची संधी दारात चालून आलेली, आणि ही तिला तीन वर्षं थांब म्हणते. पण तिला जराही शंका नव्हती. पोराची तिला खात्री होती, आणि पोराची खात्री म्हणजे स्वतःची खात्री.

त्या तीन वर्षांत ती एकही हिवाळा बसून राहिली नाही. कुणी मागत नसताना स्वतःच्या पेट्रोलनं रिंक हिंडायची आणि कोणाला न पाठवायचे अहवाल लिहायची. मी विचारलं तर म्हणाली, डोळा वापरला नाही तर गंजतो. इकडे हुझुलाक पहिलं वर्ष ज्युनिअरमध्येच राहिला, दुसऱ्या वर्षी मिलवॉकीत जाऊन अठरा गोल, आणि तिसऱ्या वर्षी एक्कावन्न. टीव्हीवर त्याचा चेहरा दिसायला लागला. कॅफेतल्या टीव्हीसमोर ड्वेन स्टब्स बोट दाखवून पोरांना सांगायचा, बघा, बघा, मान बघा त्याची. शास्त्र जणू त्यानंच काढलं होतं.

अर्लनं शब्द पाळला. चौऱ्याऐंशीत निवृत्त झाला त्याच आठवड्यात रेजायनाच्या वर्तमानपत्राला मुलाखत दिली आणि सगळं सांगितलं: प्लायमाउथ, दारावरचा माणूस, एकोणीस. खाली थोराचं पूर्ण नाव छापलं होतं. त्या दिवशी पोस्टात रांग लागली. कुणाला काही पाठवायचं नव्हतं. ड्वेननं टोपी काढून एकच तिकीट मागितलं.

हॅमिल्टनमध्ये प्रेस्टन जाऊन नवा व्यवस्थापक आला होता, नील ऑस्ट्रँडर, चाळिशीचा. त्याचं पत्र तिच्याच खिडकीतून तिच्याकडे आलं. परत या, पूर्ण वेळ, पश्चिमेची जबाबदारी तुमची. ती तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. तिनं एक अट घातली. ड्राफ्टच्या दिवशी मी टेबलावर बसेन, आणि कुठलीही निवड कुणाला द्यायची झाली तर आधी मला एकदा विचारायचं. विचारल्यावर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

पंच्याऐंशीच्या जूनमध्ये ती टोरोंटोत हॅमिल्टनच्या टेबलावर बसली. त्या अवाढव्य सभागृहात क्लबांच्या टेबलांवर बसलेली ती एकटीच बाई, आणि अंगावर चर्चला जायचा निळा कोट. शेजारच्या खुर्चीत एक धिप्पाड, किंचित लंगडणारा माणूस येऊन बसला, क्लबाचा सहप्रशिक्षक. त्यानं हात पुढे केला.

"मी फर्न बुशार," तो म्हणाला. "हुझुलाकच्या बदल्यात आलेला."

हा माणूस हॅमिल्टनसाठी जेमतेम अकरा सामने खेळला होता. मग गुडघा गेला. दुकानात, विमानतळावर, सासुरवाडीत, सगळीकडे त्याची हीच ओळख राहिली होती. बोलताना तो हसत होता, पण हे हसू त्यानं खूप वेळा वापरून झिजवलेलं आहे हे तिला दिसलं.

"मी तुमचे सामने बघितलेत," थोरा म्हणाली. "व्यावसायिक खेळाच्या बाराव्या वर्षीही तुम्ही वळून बघत होतात. गुडघ्यानं दगा दिला, तुम्ही नाही. प्रेस्टननं माणूस चुकीचा घेतला नव्हता, वेळ चुकीची घेतली."

फर्न उठला. तिच्यासाठी कॉफी घेऊन आला, आणि त्या दिवसापासून दर नाताळात हाल्सनला त्याचं पत्र यायला लागलं.

दुपारी ऑस्ट्रँडर वाकून तिच्या कानाशी आला. एक क्लब आपली तिसऱ्या फेरीतली निवड मागतोय, बदल्यात एक आक्रमक खेळाडू देतो म्हणतोय. तिनं आपली यादी बघितली आणि म्हणाली, "द्या. तिसऱ्यात आपल्यासाठी कुणी उरलेलं नाही. पण वर त्यांची आठवी मागून घ्या. ती ते हसत देतील."

त्यांनी खरंच हसत दिली. त्या आठव्या फेरीत तिनं मॅनिटोबाच्या उत्तरेकडचा एक गोलरक्षक घेतला, खाणकामगाराचा मुलगा, ज्याला फक्त तीच बघून आली होती. या वेळी गाडी तिनं दोन गल्ल्या सोडून उभी केली होती. तो पोरगा पुढे हॅमिल्टनचा गोल नऊ वर्षं सांभाळत होता, आणि ज्या क्लबानं ती निवड वरकड म्हणून दिली, त्यांच्या व्यवस्थापकाला आयुष्यभर त्याचं उत्तर द्यावं लागलं.

ती चुकलीच नाही असं नाही. सत्याऐंशीत एका निवडीसाठी ती हटून बसली, देऊ दिली नाही, आणि तो पोरगा व्यावसायिक हॉकीत एक सामनाही खेळला नाही. पुढच्या बैठकीत तिनं स्वतःच तो विषय काढला, चूक कुठे झाली ते सांगितलं आणि पुढच्या नावाकडे वळली.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्या रिंकला पन्नास वर्षं झाली. कर्टिस हुझुलाक आला. गावातल्या पोरांशी दोन तास खेळला, सह्या केल्या, मग हॉलमध्ये थोरासमोर ताट घेऊन बसला. शेजारी फर्न बुशार होता. थोरानंच त्याला बोलावलं होतं. दोघांची पहिलीच भेट. फर्ननं त्याला सांगितलं की तुझ्यामुळे मला माझ्या सासूनं कधी माफ केलं नाही. कर्टिस इतका हसला की त्याच्या ताटातला आलुबुखाराचा केक खाली पडला.

मग त्यानं थोराला विचारलं, आणि मला वाटतं तो ते विचारायलाच आला होता. "मिसेस ब्यार्नसन, मी मिलवॉकीसाठी खेळलो याचं तुम्हाला कधी वाईट वाटलं का?"

"नाही," ती म्हणाली. "तू कसा खेळशील ते मी ओळखलं होतं. कुठल्या रंगाचा शर्ट घालून खेळशील, ते ओळखायचं काम माझं नव्हतं."

 त्यावर तो म्हणाला की ड्राफ्टच्या आधीच्या हिवाळ्यात त्यानं हॉकी सोडायचं ठरवलं होतं. मामाच्या गॅरेजमध्ये जागाही बघून ठेवली होती. पण गोलाच्या मागच्या तिसऱ्या रांगेत, करड्या टोपीतली एक बाई दर सामन्याला यायची आणि दुसऱ्या कुणाकडे बघायची नाही. ती कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, कुणाची तरी आई असेल. पण एवढ्या थंडीत ती येते, म्हणजे आपण खेळायला उतरलं पाहिजे.

हे थोराला नवीन होतं. तिनं त्याच्या ताटात केकचा दुसरा तुकडा वाढला.

ती आणखी नऊ वर्षं काम करत राहिली. सत्तरीला मोतीबिंदूनं लांबचे नंबर दिसेनासे झाले, तेव्हा तिनं स्वतः ऑस्ट्रँडरला लिहिलं की आता माझ्यावर विसंबू नका. त्यानं तरी राहा म्हटलं. ती राहिली नाही. हॅमिल्टनच्या त्या वर्षीच्या संघात सात जण तिच्या अहवालातले होते. शनिवारी रिंकवर ती यायची, टेबलापाशी बसायची आणि शेजारी बसलेल्याला विचारायची, "तो कोपऱ्यातला कोण? मागे बघतोय का?" बहुतेक वेळा शेजारी मी असायचो. मी नीट बघून सांगायचो, आणि ती म्हणायची, "नाव लिहून ठेव."